बिबा कुणाला उततो?

आमच्या हिमायतनगरला जुनी माणसे अजूनही वाढोणाच म्हणतात. नांदेड जिल्ह्याचे हे टोक. एका अंगाला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे विदर्भ, दुसऱ्या अंगाला थोडे गेले की तेलंगण, आणि वर किनवट-माहूरचे जंगल. या जंगलातून हिवाळा सरता सरता गावात एक काळे फळ येते. त्याचे नाव बिबा. ठरलेले लग्न फिसकटले, जमत आलेला सौदा मोडला, की आपण चटकन म्हणतो, 'कुणीतरी बिब्बा घातला.' मराठी भाषेने या फळाला कायमचे बदनाम करून ठेवले आहे. माझे मात्र त्याच्याशी नाते वेगळे आहे. माझ्या बी.ए.च्या परीक्षेची फी बिब्याने भरली. माझी अम्मा बिबे फोडायची.

ज्यांनी बिब्याचे झाड पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बिबा हा काजूच्या, आंब्याच्या आणि चारोळीच्या कुळातला. फळाला दोन भाग असतात. खाली नारिंगी, मांसल बोंड. ते वाळवले की त्याला आमच्याकडे बिब्याची फुले म्हणतात आणि पोरे ती आवडीने खातात. बोंडाच्या टोकाला काळे, चपटे, बदामाच्या घाटाचे बी. या बियाच्या आत गोडंबी असते. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात पडते ती हीच. पण गोडंबी आणि आपण यांच्यामध्ये एक टरफल आहे, आणि त्या टरफलात काळे, दाट तेल भरलेले असते. हे तेल कातडीला लागले की फोड येतात, आग होते, सूज चढते. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : बिबा उतला.

बिबे फोडायचे काम बायकांचे. अंगणात एक सपाट दगड, हातात दुसरा. डाव्या हाताच्या चिमटीत बिबा उभा धरायचा आणि उजव्या हाताने एकच ठोका घालायचा. ठोका असा की टरफल फुटावे पण गोडंबी अख्खी निघावी, कारण तुकड्याला भाव कमी. प्रत्येक ठोक्याला तेलाचा बारीक शिंतोडा उडतो. अम्मा हाताला राख चोळून बसायची, डोळे अर्धे मिटून घ्यायची आणि पदर नाकापर्यंत ओढायची. तरी हंगाम संपेपर्यंत तिच्या बोटांची सालपटे निघालेली असत. मी एकदा तिला म्हणालो, "अम्मा, हे काम सोड." ती म्हणाली, "हात कू क्या देखता रे, पेट कू देख."

घरात दादी होती. गल्लीतल्या लेकराबाळांचे औषधपाणी तिच्याकडे. तिची एक रीत मला पक्की आठवते. नवा पाला, नवा लेप कुणाला लावायचा असला की ती आधी त्याचा थेंबभर रस स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावायची, वर चिंधी बांधायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळी कातडी जशीच्या तशी असली तरच तो पाला लेकराच्या अंगाला लागायचा. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. ती जे करत होती त्याला जगात एक नाव आहे आणि एक इतिहासही आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या इतिहासाविषयी आज बोलायचे आहे.

झाडपाल्याचे औषध म्हणजे निरुपद्रवी, अशी आपली एक समजूत आहे. 'वनस्पतीपासून बनवलेले' एवढे डबीवर छापले की आपण निर्धास्त होतो. आपल्या जुन्या वैद्यांची मात्र अशी समजूत नव्हती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनाच्या अध्यायात भल्लातक, म्हणजे आपला बिबा, वापरण्याचे दहा प्रकार सांगितले आहेत. फळे उन्हाळ्याच्या अखेरीस गोळा करायची. ती जवाच्या नाहीतर उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवायची. थंडी पडली की मगच काढायची. दहा फळांपासून सुरुवात करायची आणि रोज एक वाढवत तिसापर्यंत जायचे. आणि काढा पिण्याआधी तोंडाला आतून तूप लावून घ्यायचे. चरकाने बिब्याला आगीच्या पंक्तीला बसवले आणि विधी पाळला तर अमृताच्याही.

या एकेका सूचनेकडे जरा थांबून पाहा. तोंडाला आतून तूप लावा, हे कुणाला सुचले असेल? ज्याचे तोंड भाजले, ते पाहणाऱ्याला. पुढच्या काळात वैद्यांनी बिबा शुद्ध करण्याची रीत पक्की केली. पाण्यात बुडणारी फळे तेवढी घ्यायची, ती विटेच्या भुकटीबरोबर पिशवीत घालून चोळत राहायची, भुकटी तेल शोषून घेते, मग गरम पाण्याने धुवायची. साधी वीट, पण तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची पोळलेली बोटे आहेत. ग्रंथात औषधाचा गुण लिहिला गेला, ते घेणाऱ्याने पाळायचे पथ्यही लिहिले गेले. पिशवी चोळणाऱ्याने काय करावे, हे मात्र मला वाचायला मिळालेले नाही.

बिब्याची कीर्ती अरबस्तान-इराणपर्यंत गेली होती. युनानी हकीम त्याला बलादुर म्हणतात. हा शब्द आपल्या भल्लातकावरूनच तिकडे गेला असे मानतात. स्मरणशक्ती वाढवण्यासाठी ते बलादुर देत आणि त्याच्या धोक्याची ताकीदही देत. नवव्या शतकात बगदादमध्ये एक मोठा इतिहासकार होऊन गेला. त्याचे नाव अल-बलाधुरी. इसवी सन ८९२ च्या सुमारास तो वारला. आख्यायिका अशी, की बलादुरचा रस पिण्यात आल्याने त्याचे डोके फिरले आणि हेच नाव त्याला चिकटले. काही जण म्हणतात, रस प्यायला होता तो त्याचा आजोबा. खरे-खोटे काही असो, आमच्या जंगलातले एक फळ बगदादच्या इतिहासकाराचे आडनाव होऊन बसले, ही गोष्ट मला कवी म्हणून फार मोलाची वाटते. आणि त्या नावात सावधगिरीचा इशाराही कायमचा राहिला.

आता दादीच्या कोपराकडे येऊ. १८९५ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ या शहरी जर्मन त्वचारोगतज्ज्ञांची सभा भरली होती. तिथे योझेफ याडासोन नावाच्या डॉक्टरांनी एक निरीक्षण मांडले. पाऱ्याच्या औषधाने अंगावर पुरळ उठलेल्या रुग्णाच्या चांगल्या कातडीवर त्यांनी तेच औषध पट्टीखाली थोडेसे लावून ठेवले, आणि नेमके तेवढ्याच जागी पुरळ उठले. दोष कशाचा, हे कातडीनेच सांगितले. या रीतीला पॅच टेस्ट म्हणतात, आपण पट्टीची परीक्षा म्हणू. आजही जगभरच्या दवाखान्यांत ती होते. संशयित पदार्थ ठरावीक प्रमाणात पातळ करून छोट्या चकत्यांत घालतात, त्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात.

चौथ्या दिवशी पुन्हा का पाहायचे? इथे दादीची रीत अपुरी पडते. कातडी दोन तऱ्हांनी बिघडते. एक म्हणजे सरळ भाजणे. चुना, आम्ल, कुठलाही जहाल रस कुणाच्याही हाताला लागला तरी आग होणारच. ते रात्रभरात कळते. दुसरी तऱ्हा ॲलर्जीची. पहिल्यांदा पदार्थ लागतो तेव्हा वरवर काहीच होत नाही. पण आत शरीराच्या संरक्षक पेशी त्याची ओळख पटवून ठेवतात. या कामाला दहा-पंधरा दिवस लागतात. पुढच्या वेळी तोच पदार्थ थोडासा जरी लागला तरी दोन-तीन दिवसांत त्या पेशी तुटून पडतात. म्हणून काहींना बिबा सुरुवातीची वर्षे उतत नाही आणि मग अचानक उतायला लागतो. म्हणूनच एकाच अंगणात बसलेल्या दोन बायकांपैकी एकीच्या बोटांची नुसती साल निघते आणि दुसरीचा चेहरा सुजून डोळे मिटतात. आमच्या गल्लीत म्हणायचे, 'तिला बिबा सोसत नाही.' ते बरोबरच होते. फक्त न सोसण्याचे कारण आम्हाला ठाऊक नव्हते.

झ्युरिकच्या ब्रुनो ब्लोख यांनी पट्टीची परीक्षा पुढे नेली. युरोपात घरोघरी कुंडीत लावले जाणारे प्रिम्युला नावाचे फुलझाड आहे. त्याच्या पानांना हात लावून अनेकांच्या हातांवर पुरळ उठायचे. १९२६ साली ब्लोख आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले, की या झाडाचा कडक अर्क लावला तर निरोगी माणसालाही त्याची ॲलर्जी जडवता येते. यातून एक इशारा मिळाला : परीक्षा चुकीच्या प्रमाणात घेतली, तर परीक्षाच रोग देते. वनस्पतीचा अर्क कातडीवर तपासायचा तर किती थेंब, किती पातळ, किती वेळ, याचा हिशेब आधी पक्का हवा.

बिब्याच्या तेलात नेमके काय असते, याचा शोध आपल्याच देशात लागला. १९३१ साली पी. पी. पिल्लै आणि सलीमुज्जमाँ सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञांनी बिब्याची रासायनिक तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या मुख्य दाहक द्रव्याला भिलावनॉल असे नाव मिळाले, आपल्या भिलाव्यावरूनच. सिद्दीकी तेव्हा दिल्लीला, हकीम अजमल खान यांच्या तिब्बी कॉलेजात संशोधन करत. त्याच वर्षी त्यांनी सर्पगंधेच्या मुळीतून एक औषधी द्रव्य वेगळे काढले आणि हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्याला अजमलीन म्हटले. वैद्य-हकिमांची झाडे आणि नव्या विज्ञानाच्या काचनळ्या एकाच छपराखाली आल्या होत्या. भिलावनॉल हे जपानच्या लाखेच्या झाडातल्या आणि अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या विषारी वेलीतल्या द्रव्याचे सख्खे भावंड आहे. ते कातडीतल्या प्रथिनाला जाऊन चिकटते. म्हणूनच एकदा जिरले की नुसत्या धुण्याने जात नाही.

पुढची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. आपल्याकडे परीट कपड्यावर खूण करायला बिब्याचा रस वापरत. सुईने बिबा टोचायचा, रसाने कपड्याच्या कडेला टिंब नाहीतर रेघ काढायची, वर चुना लावायचा. ती काळी खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. युद्धकाळात हजारो अमेरिकन सैनिक हिंदुस्थानात आले. त्यांचे कपडेही परटाकडे जाऊ लागले. आणि त्यांच्या अंगावर गोल गोल चट्टे उठू लागले, जिथे खूण तिथे चट्टा. १९४३ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात त्यांच्या तीन लष्करी डॉक्टरांनी यावर लेख लिहिला आणि 'धोबीच्या खुणेचा त्वचारोग' असे त्याचे नामकरण केले. तेव्हापासून बिबा जगातल्या त्वचारोगाच्या पुस्तकांत जाऊन बसला.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. अमेरिकन सैनिकाच्या अंगावरचा रुपयाएवढा चट्टा जगाच्या पुस्तकात गेला. ती खूण काढणाऱ्या परटाची बोटे वर्षानुवर्षे त्याच रसात होती. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांच्यासमोर त्यांचे रुग्ण होते. पण रोगाला नाव मिळाले ते परटाच्या धंद्याचे, आणि चट्टा मोजला गेला तो गिऱ्हाइकाचा. मला तर असे वाटते, की वनस्पतीची परीक्षा कुणाच्या ना कुणाच्या कातडीवर होतच असते. ती कुणाच्या कातडीवर व्हावी, आणि त्या माणसाला विचारून की न विचारता, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाची जगाने दिलेली उत्तरे नेहमीच चांगली नव्हती. १९४४ साली अमेरिकेत जॉन ड्रेझ यांनी सशांच्या कातडीवर आणि डोळ्यांत पदार्थ घालून पाहण्याची पद्धत बसवून दिली. पुढे कित्येक दशके साबण, मलम, अत्तर, अर्क सगळे सशांवरून गेले. त्याहून वाईट गोष्ट फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातली. १९५१ ते १९७४ या काळात तिथे आल्बर्ट क्लिगमन या नामांकित त्वचारोगतज्ज्ञाने कैद्यांच्या पाठीवर आणि हातांवर नाना पदार्थ तपासले. कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, अनेकांचा तर गुन्हाही अजून सिद्ध झालेला नव्हता. थोडे पैसे मिळत. काय लावले जात आहे आणि पुढे काय होईल, हे त्यांना नीट सांगितले जात नव्हते. याच क्लिगमन यांनी पॉयझन आयव्हीवर, म्हणजे आमच्या बिब्याच्या अमेरिकेतल्या चुलतभावावर, १९५८ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तो पुढे प्रमाण मानला गेला. २०२२ साली फिलाडेल्फिया शहराने होम्सबर्गच्या प्रयोगांबद्दल जाहीर माफी मागितली. तोवर त्यातले बरेच कैदी जग सोडून गेले होते.

आता एक चांगले उदाहरण, आणि ते आपल्या महाराष्ट्रातले आहे. गाजर गवत तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणते, कुणी चटक चांदणी. हे मूळचे आपल्याकडचे नाही, अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले आणि १९५६ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्वसाधारणपणे मानतात. दहा-बारा वर्षांत पुण्याच्या परिसरात शेतकऱ्या-मजुरांचे चेहरे, माना, हाताचे कोपर जाड, काळे पडून खाजू लागले. लोक याला उन्हाचा त्रास समजत, रक्तदोष समजत. पुण्याच्या डॉ. लोणकर यांनी डॉ. जोग यांच्यासह १९६८ साली या साथीवर लिहिले. संशयित गवताची पट्टी रुग्णाच्या कातडीवर लावून गुन्हेगार कोण ते नक्की केले गेले. १९७६ साली लोणकर आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले नागसंपगी आदी शास्त्रज्ञांनी त्या गवतातले पार्थेनीन हे द्रव्य या रोगाच्या मुळाशी असल्याचे दाखवले. आज आपल्या देशातल्या पट्टीपरीक्षेच्या प्रमाणित संचात गाजर गवत हा एक ठरलेला पदार्थ आहे.

इथेही अर्क वनस्पतीचा होता आणि कातडी गरिबाचीच होती. पण परीक्षा त्या गरिबासाठी होती. शेतमजुराला कळले, की आपला रोग शापाचा नाही, देवीचा नाही, बांधावरच्या गवताचा आहे. ते उपटताना अंगभर कपडा घालावा, हातमोजे वापरावेत, जाळताना धुरात उभे राहू नये. ज्याची कातडी, त्याचाच फायदा. चांगल्या परीक्षेची याहून सोपी खूण मला ठाऊक नाही.

आजचे नियम पाहू. आपल्या औषधविषयक नियमावलीत विषारी द्रव्यांची एक यादी आहे. तिला परिशिष्ट ई-१ म्हणतात. आयुर्वेदाच्या यादीत अफू, धोतरा, गुंज, कण्हेर यांच्या मांडीला मांडी लावून भल्लातकही आहे. ही द्रव्ये असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापावा लागतो. सौंदर्यप्रसाधनांच्या सुरक्षिततेची तपासणी कशी करावी, याचे भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक ४०११. २०१४ साली आपण सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास बंदी घातली. आता प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींपासून कातडीचा पातळ थर वाढवतात आणि अर्काने आग होते का, हे आधी त्यावर पाहतात. मग संमती दिलेल्या स्वयंसेवकांच्या पाठीवर पट्टी लागते. ससा सुटला, ही आनंदाची गोष्ट आहे.

वाचकांना घरगुती सल्ला द्यायचा तर एवढाच. बाजारातले नवे तेल, नवा लेप, केसांचा नवा रंग वनस्पतीचा आहे म्हणून थेट तोंडाला, डोक्याला फासू नका. दादीसारखे कोपराच्या आत थोडेसे लावून पाहा, पण एका रात्रीवर भरवसा ठेवू नका, निदान तीन-चार दिवस वाट पाहा. लाली, खाज, पुरळ दिसले तर धुऊन टाका आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. 'काळी मेंदी' म्हणून जी मिळते तिच्यापासून विशेष जपा. मेंदीचे पान लाल रंग देते, काळा नव्हे. झटपट काळा रंग यावा म्हणून तिच्यात बहुधा केसांच्या रंगातले रसायन घातलेले असते आणि त्याने लग्नघरातल्या पोरींच्या हातांवर फोड आलेले मी पाहिले आहेत. आणि कच्च्या बिब्याची परीक्षा मात्र घरी कधीही करू नका. टाचेच्या भेगेत बिबा, मोडलेल्या काट्यावर बिबा, लेकराच्या अंगावर बिब्याचा ठिपका, हे सगळे आता सोडून दिलेले बरे. त्याची परीक्षा हजारो वर्षे झालेली आहे आणि निकाल सगळ्यांना ठाऊक आहे.

माझे मागणे एवढ्यावर संपत नाही. औषध घेणाऱ्यासाठी विटेची भुकटी आहे, तूप आहे, परिशिष्ट आहे, डबीवरचा इशारा आहे. लावणाऱ्यासाठी मानक आहे. सशासाठी कायदा झाला. पण ती गोडंबी, ते तेल बाजारात येण्याआधी ज्या चिमटीतून जाते, त्या चिमटीसाठी काय आहे? जंगलातून बिबा वेचून आणणारी आंध, कोलाम, गोंड माणसे आणि दगडाने तो फोडणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बायका, यांची पट्टीची परीक्षा मी कधी झालेली पाहिली नाही. कुणाला बिबा सोसतो आणि कुणाला नाही, हे हंगामाआधी सांगता आले तर कितीतरी बायका दुसरे काम धरतील. रबराचे चांगले हातमोजे, डोळ्यांना चष्मा, बोट न लावता बिबा धरता येईल असा चिमटा, ही काही चंद्रावर जायची साधने नाहीत. हंगामात एक दिवस त्वचेचा डॉक्टर गावात येऊन बसला तरी पुष्कळ झाले. नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आयुर्वेद महाविद्यालय आहे. आमच्या गावापासून ती फार लांब नाहीत.

अम्मा गेली त्याला आता काही वर्षे झाली. तिच्या शेवटच्या काळातली एक गोष्ट सांगून थांबतो. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचे यंत्र आले होते. मी तिला घेऊन गेलो. तिने उजवा अंगठा ठेवला. यंत्राने ओळखले नाही. डावा ठेवला. नाही. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "अम्मा, बोट पुसून घ्या, दुसरे लावा." तिने पदराने एकेक बोट पुसले आणि एकेक लावून पाहिले. मागे रांग खोळंबली होती. अंगठे, तर्जन्या, मधली बोटे, सगळ्यांवरच्या रेषा कधीच पुसून गेल्या होत्या. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. बिबा चिमटीत धरताना ती तेवढी वर राहायची.